तांबड्या दिव्याखाली

ज्या वर्षी रोझविताला दातांच्या दवाखान्यात नोकरी लागली, त्याच वर्षी माझी खालची दाढ किडली. रोझविता माझ्या धाकट्या भावाची नात. तिची आई तिला माझ्यापाशी ठेवून समुद्राकाठी वॉल्विस बेला मासळीच्या कारखान्यात गेली ती तिकडचीच झाली, म्हणून रोझविता मला आजीच म्हणते. काटुटुरा वस्तीतल्या आमच्या पत्र्याच्या घरातून उठून विंडहूकच्या चांगल्या रस्त्यावर, काचेच्या दारामागे बसून फोन घेणारी आमच्यातली ती पहिलीच. नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. डॉक्टरीणबाई तिच्या बोलण्यावर, बसण्यावर, नखांवरसुद्धा नजर ठेवून होत्या. त्या दिवशी सकाळी टॅक्सीत तिने मला बजावलं की तिथं कुणाशी भांडायचं नाही. पोस्टात केलं तसं केलंस तर मी दुसऱ्या दिवसापासून घरी बसेन, म्हणाली. मी म्हटलं, दाढ उपटून घ्यायला चालले आहे, भांडायला तोंड कुठून आणू? टॅक्सीवाला हसला. ती हसली नाही. तिला माझा राग ठाऊक होता. तो कुठून येतो ते मात्र ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, म्हातारपणामुळे येतो. मीही तसंच वाटू दिलं होतं.

दवाखान्यात शिरले आणि समोरच्या भिंतीवर तो ढग. दाराएवढा मोठा, काचेमागे. आधी मला नुसता रंग दिसला, तांबडा, आतून पेटल्यासारखा, कडेला काळपट होत गेलेला. मग त्याच्या पोटातली ती काळी फट दिसली आणि मी दार धरून उभी राहिले. रोझविताने खुर्ची पुढे केली. तिला वाटलं, मी दाढेला घाबरले. म्हणाली, सुंदर आहे ना, परवाच लावलं, आभाळातलं आहे, तेजोमेघ म्हणतात त्याला. मला सांगत होती. त्या ढगांना आम्ही, मी पूर्वी काम करायचे त्या डोंगरातल्या फार्मवर, तांबडे ढगच म्हणत होतो. आभाळ बघायला येणारे पाहुणे ते कॅमेऱ्यातून काढून पडद्यावर दाखवायचे आणि आम्ही चहाचे पेले उचलता उचलता बघायचो. वर बघितलं तर काही नाही, दक्षिणेच्या क्रूसाच्या चांदण्यांच्या बाजूला एक पुसट डाग. माणसाच्या डोळ्याला तो तांबडा दिसतच नाही. कॅमेरा तासन्‌तास उघडा ठेवावा तेव्हा तो साचतो, गळक्या नळाखाली बादली भरावी तसा. चित्राच्या खाली पट्टी होती. मी अक्षरं शिकले ती केस पिकल्यावर, चर्चच्या मागच्या खोलीत. अजूनही छापलेलं ओठ हलवल्याशिवाय मला कळत नाही. ओठ हलवून वाचलं. खोमासचा डोंगर. जून. पौर्णिमा. आणि खाली फोटो काढणाऱ्याचं नाव, फार्मवरचा आमचा जुना पाहुणा, लोरेंझ.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची मागे केली आणि तोंडावर दिवा ओढला. पांढरा दिवा. इतका पांढरा की डोळे मिटले तरी पापणीतून आत येतो. त्यांनी सुई टोचली, जबडा हळूहळू दुसऱ्याच कुणाचा झाला, आणि मी पडून राहिले. राग मात्र बधिर होत नव्हता. मला त्या दिव्याचा राग आला. केवढा उजेड हा. एका म्हातारीच्या एका दाढेसाठी केवढा उजेड, आणि कुणाची परवानगी नाही, कुणाला विचारायचं नाही. आमच्या फार्मवर सूर्य बुडाला की उजेड मालकाचा व्हायचा. पूर्वी तिथं काराकुल मेंढ्या होत्या, कातड्यांचा धंदा बसला तशा त्या गेल्या, आणि मग युरोपातून ही माणसं दुर्बिणींच्या पेट्या घेऊन यायला लागली, कारण त्यांच्याकडचं आभाळ त्यांच्याच दिव्यांनी खाऊन टाकलं होतं. मेंढ्यांना पाणी तरी लागायचं. यांना फक्त अंधार लागायचा, आणि अंधार करण्याचं काम आमचं. बाहेर शेकोटी नाही. रॉकेलचा दिवा नाही. फाटकापासून आत गाडी आणायची तर दिवे विझवून, नाहीतर फाटकाबाहेरच झोपायचं. आमच्या खोल्यांना पडदे दिले, पण पडद्यांच्या कडेने उजेड गळतो म्हणून पाहुण्यांनी कुरकुर केली, तेव्हा मालकाने आमचे पांढरे बल्ब काढून एका खोक्यात भरले आणि तांबडे लावून दिले. तांबड्या उजेडाने यांचे डोळे दिपत नाहीत. खोका मोठ्या घरात कुलपात. जेवायला बसलं की ताटातलं मक्याचं पीठ तांबडं, मटणही तांबडं, समोरच्याचं तोंड तांबडं. सालातिएल म्हणायचा, ताई, आपण सगळे एका मोठ्या बैलाच्या पोटात बसलोय.

सालातिएल माझा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता, मी त्याला पाठीशी बांधून शेळ्यांमागे हिंडले. मोठा झाला तरी बांधलेल्या पोरासारखाच जवळ राहिला. मी ज्या फार्मवर स्वैपाकाला, त्या फार्मवर तो वरकामाला. दुर्बिणींच्या खोल्यांची छपरं रुळांवर होती, संध्याकाळी ती ढकलून उघडायची, पहाटे ढकलून बंद करायची. ते त्याचं काम. जड पत्र्याचं छप्पर, पण तो एका खांद्याने ढकलायचा आणि पाहुण्यांकडे बघून म्हणायचा की घ्या, उघडलं आभाळ, आत पाय पुसून या. आमच्या बोलीत म्हणायचा, त्यांना कळत नसे, तेही हसायचे.

आणि चांदण्या रात्री आमच्या होत्या. हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, ते चंद्रानेच ठरवलं होतं. चंद्र मोठा झाला की यांचे कॅमेरे आंधळे होत, पाहुणे विंडहूकला निघून जात किंवा खोल्यांत झोपून राहत. मग मालक खोका उघडायचा आणि पांढरे बल्ब परत लागायचे. शेजारच्या फार्मवरची माणसं गाढवगाडीने यायची, शेकोटी पेटायची, बायका टाळ्यांचा ठेका धरायच्या, सालातिएल धूळ उडेपर्यंत नाचायचा. महिन्यातल्या तेवढ्या रात्री आम्ही एकमेकांची तोंडं खऱ्या रंगात बघत होतो. कुणाचं पोर पिवळं पडलंय, कुणाच्या पायावर सूज आहे, कोण म्हातारं झालंय, ते सगळं तेव्हा कळायचं. मग लोरेंझने एक काच आणली. नखाएवढी जाड, आरशासारखी, पेटीतून काढताना हातमोजे घालायचा. ती काच कॅमेऱ्यापुढे लावली की तांबड्या ढगाचा तेवढा एक तांबडा आत येतो, बाकी सगळा उजेड बाहेर. चंद्रसुद्धा बाहेर. त्याने जेवणाच्या टेबलावर मालकाला हे सांगितलं तेव्हा मी बशा गोळा करत होते. दोघांनी पेले आपटले. आता महिनाभर काम करता येईल, महिनाभर पाहुणे. आणि खोका उघडायचा थांबला. चंद्र उगवायचा तसाच, आमच्या अंगणात दूध सांडल्यासारखा, आणि आम्ही तांबड्या खोल्यांत बसून राहायचो. चंद्राच्या उजेडात शेकोटीने काय बिघडणार, असं सालातिएलने मालकाला विचारलं. मालक म्हणाला, नियम म्हणजे नियम, पाहुण्यांना विश्वास वाटला पाहिजे.

थुंका, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पांढऱ्या चिनी मातीच्या वाटीत मी थुंकले आणि त्या पांढऱ्या दिव्याखाली ते लालभडक दिसलं. दिसलं. एवढंसं, चमचाभर, आणि लगेच डॉक्टरीणबाई आणि त्यांची मदतनीस दोघी वाकून बघायला लागल्या, कापूस आला, दाब दिला गेला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी विचारलं, दुखतं का? मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते मला आठवत नाही.

फार्मवर, त्या पौर्णिमेच्या दिवशी, आम्ही शेळी कापली होती. मालक मालकीणबाईंना घेऊन शहरात गेला होता आणि पाहुण्यांसाठी मटण साफ करायचं होतं, म्हणून माझ्या हातांना, सालातिएलच्या डगल्याला, सगळ्या अंगणाला रक्ताचा वास होता. दिवस मावळताना तो छप्पर उघडायला गेला. थंडीने रूळ आखडले होते. छप्पर अडलं, त्याने खालून शिरून मांडीचा रेटा दिला, ते एकदम सुटलं आणि पत्र्याची कड त्याच्या मांडीत वरपर्यंत गेली. हे मला मागाहून, पत्र्याकडे बघून कळलं. तो चालत घरी आला. येताना पाण्याचा डबाही घेऊन आला, रोजच्यासारखा. डबा दारात आपटला, पाणी सांडलं, तो पलंगावर बसला आणि म्हणाला, ताई, ठोकर लागली जरा, पाय गार पडलाय. मी तांबड्या दिव्याखाली बघितलं. विजार ओली होती. चादर ओली होती. पांढरी चादर तांबड्या दिव्याखाली जशी दिसते तशीच दिसत होती, नुसती ओली. लाल रंग तांबड्या उजेडात राहत नाही. तो पाण्यासारखा होऊन जातो. मी हात लावला तर चिकट लागला, पण माझा हात आधीच चिकट होता. काहीतरी चुकतंय एवढं मला कळलं, कारण त्याने चेष्टा केली नाही. मी धावत गेले आणि लोरेंझला बोलावलं, कारण औषधाची पेटी आणि पांढरी बॅटरी त्याच्याकडे होती.

डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बोळा जागेवर ठेवला, घट्ट चावून धरा म्हणाल्या, थोडा वेळ बाहेर बसा, रक्त थांबलं की घरी. मी बाहेर येऊन बसले. चित्राकडे पाठ करून बसायला जागा नव्हती. रोझविता फोनवर तिच्या गोड आवाजात कुणाला तरी बुधवार देत होती. तेवढ्यात काचेचं दार ढकलून लोरेंझ आत आला.

म्हातारा झाला होता. दाढी ठेवली होती, काखेत कागदात गुंडाळलेलं दुसरं चित्र होतं. त्याने मला बघितलं आणि त्याचं तोंड खरोखर उजळलं. हे मला लिहायला आवडत नाही, पण त्याला खरोखर आनंद झाला. एर्ना, तू इथं, म्हणाला. तुझ्यासारखी भाकरी मला परत कुठं मिळाली नाही. मग तो माझ्या शेजारी बसला. मी काही बोलत नाही हे त्याच्या ध्यानात आलं; रोझविताने टेबलामागून सांगितलं की आजीची आत्ताच दाढ काढली आहे. मग त्याला बरंच वाटलं. न बोलणारं माणूस त्याला मिळालं. तो चित्राकडे बोट करून सांगायला लागला. हे त्याचं सगळ्यात चांगलं चित्र, या चित्राने त्याला नाव दिलं, कुठं कुठं छापून आलं. तो रोझवितालाही सांगत होता. डोक्यावर पौर्णिमेचा चंद्र होता, पोरी, पेपर वाचता आला असता असा, आणि तरी हे आलं. रोझविताने कौतुकाने विचारलं की मग आजूबाजूला दिवे असले तर? तिला फोटो काढणारी माणसं आवडतात. तो हसला. ती काच असली की दिव्याचं काय होतंय, म्हणाला. त्या रात्री तर मध्येच एक गाडी दिवे लावून सरळ अंगावर आली होती. मालक शहरातून परत आला, विसरला. मी काय केलं? तेवढी एक फ्रेम टाकून दिली. अशा ढीगभर फ्रेमा असतात, त्या एकावर एक रचायच्या, खराब असेल ती काढून टाकायची. विमान जातं, वारा सुटतो, रोज काही ना काही टाकावंच लागतं.

मी कापूस चावला होता. तो माझ्या दातांत पाण्यासारखा पिळून निघाला. एक फ्रेम. तळपायाची आग मस्तकाला गेली असं लोक म्हणतात. माझी तशी गेली नाही, ती पायातच राहिली आणि मला उठवून उभं केलं. मी रोझविताकडे बघितलं. तिने माझं तोंड ओळखलं. तिने मान हलवली, नको, आजी. तिच्या गळ्यात ती नावाची पट्टी होती, नवी, स्वच्छ पुसलेली. मला तिची दया आली आणि त्या दयेचाही राग आला, की आम्हाला प्रत्येक वेळी कुणाच्या तरी नोकरीसाठी गप्प बसावं लागतं. सालातिएलही त्या रात्री हेच म्हणाला होता, राहू दे ताई, साहेबांचं काम चालू आहे, मालक आला की ओरडेल.

मी बोलले. पण अर्धं तोंड बधिर होतं, जीभ लाकडाची, कापूस गालात, आणि जे बाहेर आलं ते लोरेंझला कळलं नाही. तो वाकून, काळजीने म्हणाला, काय म्हणतेस, एर्ना? पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. त्याने रोझविताकडे बघितलं, पाणी हवंय का हिला?

रोझविता उठली. तिला कळत होतं. लहानपणापासून माझं बोलणं ती भांड्यांच्या आवाजात, झोपेत, तापात ऐकत आली आहे. ती टेबलाच्या पुढे आली, हात पोटावर बांधून उभी राहिली, जशी गिऱ्हाइकांसमोर राहते. मी एक वाक्य म्हणायचे आणि ती ते त्याला सांगायची, तिच्या त्या फोनवरच्या आवाजात.

"आजी म्हणते, त्या रात्री मी तुम्हाला बोलवायला आले होते."

"आजी म्हणते, तुम्ही आलात. कपाळाला तांबडी बॅटरी लावून आलात. माझ्या भावाचा पाय बघितलात. पाणी सांडलंय, जरा खरचटलंय, असं म्हणालात आणि वरून पट्टी बांधलीत."

लोरेंझ आठवत होता. खरंच आठवत होता, कपाळाला आठ्या घालून, आणि त्याला काही सापडत नव्हतं. बाकावर एक पोरगा गाल धरून आईला टेकून बसला होता, तोही ऐकत होता.

"आजी म्हणते, मी तुमच्याकडे पांढरा उजेड मागितला. तुम्ही म्हणालात, आत्ता नाही, माझा कॅमेरा उघडा आहे. मग मी काडी पेटवली." इथं रोझविताचा आवाज थांबला. हे तिने कधी ऐकलेलं नव्हतं. तिला आम्ही सांगितलं होतं की छपराखाली आजोबांचा पाय आला. तेव्हा ती शहरात शाळेत होती, आम्ही तिला पुरायच्या दिवशी आणलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी हाताने खूण केली, सांग. "आजी म्हणते, मी काडी पेटवली आणि तुम्ही फुंकर मारलीत. आणि काडेपेटी स्वतःच्या खिशात टाकलीत. हसत."

पुढचं मी सांगितलं नाही, ती आपणहून बोलली आणि तो फोनवरचा आवाज राहिला नाही. तिने त्याला विचारलं की सकाळी चादर बघितली होती का तुम्ही. तो म्हणाला, सकाळी आम्ही झोपलेले असतो.

डॉक्टरीणबाई आतल्या दारात हातमोजे घालून उभ्या होत्या. लोरेंझने गुंडाळलेलं चित्र भिंतीला टेकवून ठेवलं, पडणार नाही असं नीट बघून. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि मला त्याच्याकडे बघून समाधान वाटेल असं वाटलं होतं, ते वाटलं नाही. तो वाईट माणूस असता तर बरं झालं असतं.

"मी सवयीने म्हटलं असेन," तो म्हणाला. "इतकी वर्षं, उजेड दिसला की माझ्या तोंडून तेच निघतं. त्या काचेला काडीने काही झालं नसतं. मला माहीत होतं. सवयीने म्हटलं असेन."

मग तो रोझविताजवळ गेला आणि त्याने हळू आवाजात विचारलं, त्याचं नाव काय होतं? वर्षानुवर्षं सालातिएलने त्याचं आभाळ उघडून दिलं होतं. तो म्हणाला, मला हे भरून काढायचं आहे. या चित्राखालची पट्टी बदलतो. त्याच्या स्मरणार्थ असं लिहितो. त्याचं नाव माझ्या नावाच्या वर घालतो. तो मनापासून म्हणत होता. त्याने खिशातून पेन काढलं, तळहात पुढे धरला आणि लिहायला तयार उभा राहिला.

रोझविता माझ्याकडे वळली. मी कापूस काढला. तो पांढऱ्या दिव्याखाली लालच होता. मी अजूनही बोबडं बोलत होते, पण या वेळी पुन्हा सांगावं लागलं नाही.

"त्याखाली नको."

तो म्हणाला, पण मग काहीच राहणार नाही. मला त्याचं नाव लिहू दे.

"साहेब, पेन खिशात ठेवा," रोझविता म्हणाली. "आजी नको म्हणते. मीही नको म्हणते."

डॉक्टरीणबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत, महिनाअखेरीस बोलल्या. रोझविता आता टायरच्या दुकानात फोन घेते आणि तिथं तिची नखं कुणी बघत नाही. त्या दिवशी घरी येताना टॅक्सीत ती माझ्यावर रागावेल असं मला वाटत होतं, ती रागावली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली आणि मध्येच म्हणाली, आजी, मला सगळं का नाही सांगितलंस? मी म्हटलं, तुला नोकऱ्या करायच्या होत्या. चित्र तिथंच आहे, पट्टी जुनीच आहे. मला जे लिहायचं ते मी इथं लिहिते, माझ्या हाताने, सावकाश.

सालातिएल गोवासेब, माझा धाकटा भाऊ, दोन हजार आठ सालच्या जून महिन्यात, पौर्णिमेच्या रात्री, उजाडायच्या आत रक्त जाऊन वारला.